जुन्या नौका घेऊन विकण्याचा व्यवसाय : नफा नेमका कुठे असतो

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण पुण्यात नोकरी करता, आजोळ हर्णैजवळ आहे आणि हाताशी सुमारे ८ लाख रुपये आहेत. मे महिन्यात गावी गेल्यावर किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या नौकांपैकी काही विकायच्या आहेत असे कानावर येते आणि त्याच नौका नारळी पौर्णिमेच्या सुमारास चढ्या किमतीला गेल्याचेही ऐकू येते. सध्या आपल्यापुढे ३८ फुटी, लाकडावर फायबर चढवलेली, सहा सिलिंडरच्या इंजिनाची एक नौका साडेसहा लाखांना आलेली आहे. ती आता घ्यावी, पावसाळाभर ठेवावी आणि ऑगस्टमध्ये ९ लाखांना विकावी, असा आपला विचार आहे आणि तो कितपत बरोबर आहे असे आपण विचारले आहे.

मी रत्नागिरीत मिरकरवाडा बंदरावर गेली बावीस वर्षे हाच व्यवहार करतो. सुरुवात इंजिनांच्या सुट्या भागांपासून झाली, पुढे नौकांची दलाली आणि त्यानंतर स्वतःच्या पैशाने खरेदी-विक्री. म्हणून आधी या धंद्याची चाल सांगतो आणि आपल्या नौकेकडे शेवटी येतो, कारण चाल कळल्याशिवाय त्या एका नौकेबद्दल हो किंवा नाही म्हणण्याला काही अर्थ उरणार नाही.

मे महिन्यात भाव पडतो हे आपले निरीक्षण खरे आहे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. शिमगा उलटला की बहुतेक ठिकाणी मासळी कमी होऊ लागते, डिझेलचा खर्च निघेनासा होतो आणि मालकापुढे एकामागून एक खर्च उभे राहतात. नौका वर ओढायची, शाकारायची म्हणजे पावसापासून झाकून घ्यायची, जाळी दुरुस्त करायची आणि पुढच्या हंगामासाठी तांडेल (नौका चालवणारा प्रमुख) व खलाशांना उचल द्यायची. ही उचल आजकाल लहान रक्कम राहिलेली नाही आणि खलाशी नेपाळचा असो की कर्नाटकचा, ती हातात पडल्याशिवाय तो पुढच्या हंगामाचा शब्द देत नाही. ज्याची मुले मुंबईत किंवा आखातात नोकरीला लागली आहेत आणि ज्याच्या गाठीशी ही उचल नाही, तो नाखवा मे महिन्यात नौका विकायला काढतो. जुलै संपता संपता हेच चित्र उलटते, कारण ज्याला समुद्रावर जायचे आहे त्याला नौका आत्ता, याच आठवड्यात, पाण्यात हवी असते.

परंतु या दोन भावांमधला फरक म्हणजे नफा नव्हे, आणि बाहेरून येणाऱ्या बहुतेकांची चूक इथेच होते. तो फरक म्हणजे दोन-अडीच महिने ती नौका सांभाळण्याची मजुरी आणि जोखीम आहे. शिवाय चढ्या भावाची खिडकी फार अरुंद असते. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या अखेरीपर्यंत गिऱ्हाईक फिरत असते. ज्याला समुद्रावर जायचे होते तो सप्टेंबरच्या मध्यापर्यंत गेलेला असतो आणि त्यानंतर आपली नौका कितीही चांगली असली तरी तिला विचारणारा माणूस पुढच्या वर्षीच भेटतो. म्हणून माझ्या हिशेबात या धंद्याचा एकच नियम आहे : आधी गिऱ्हाईक, मग नौका. जिचा पुढचा मालक मला नावानिशी ठाऊक नाही, किंवा निदान तो कोणत्या बंदरावरचा आणि कोणत्या प्रकारची मासेमारी करणारा असेल हे ठाऊक नाही, ती नौका मी स्वस्त मिळाली तरी घेत नाही.

आता नौका म्हणजे काय विकत घेतले जाते ते पाहू. आपण एक वस्तू पाहता, आम्ही चार पाहतो : बॉडी, इंजिन, सामान आणि कागद. या चारांपैकी कागद सर्वांत कमी दिसतात आणि सर्वांत जास्त बुडवतात.

मासेमारी नौकेची नोंदणी मर्चंट शिपिंग कायद्याखाली होते आणि आता ती रिअलक्राफ्ट या केंद्रीय संगणक प्रणालीत असते. नौकेच्या नाळेजवळ, म्हणजे पुढच्या टोकाजवळ, दोन्ही बाजूंना लिहिलेला, भारत आणि महाराष्ट्र यांच्या इंग्रजी आद्याक्षरांनी सुरू होणारा क्रमांक तो हाच. मासेमारीचा परवाना मात्र वेगळा असतो. तो राज्याच्या १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्याखाली मत्स्यव्यवसाय विभाग देतो आणि त्यात कोणत्या जाळ्याने मासेमारी करायची तेही लिहिलेले असते. नोंदणी आहे पण परवान्याचे नूतनीकरण तीन वर्षे झालेले नाही, अशा नौका दर वर्षी विक्रीला येतात आणि मालक मोठ्या विश्वासाने सांगतो की कागद ‘क्लिअर’ आहेत. त्याच्या दृष्टीने तो खोटे बोलत नसतो. त्याला नोंदणीचा दाखला म्हणजेच सगळे कागद वाटतात.

तिसरी गोष्ट म्हणजे बोजा. किनाऱ्यावरच्या कितीतरी यांत्रिक नौका मच्छीमार सहकारी संस्थांमार्फत राष्ट्रीय सहकार विकास निगमाच्या अर्थसाहाय्यातून बांधल्या गेल्या आणि त्यांतल्या अनेकांचे हप्ते वर्षानुवर्षे थकलेले आहेत. अशी नौका संस्थेकडे गहाण असते. मी २००९ साली घेतलेल्या एका नौकेवर असा बोजा होता. विक्रेत्याने दाखवलेला ना-हरकत दाखला संस्थेच्या शिक्क्याचा होता, पण तो डिझेल कोट्याच्या थकबाकीपुरता होता. कर्जाचा त्यात उल्लेखच नव्हता आणि मी तो नीट वाचला नाही. हस्तांतरणाचा अर्ज अडकला, मी आणि विक्रेता दोघेही चौदा महिने कार्यालयांत फेऱ्या मारत राहिलो आणि नौका तेवढा काळ वाळूत उभी राहिली. तेव्हापासून कर्ज, डिझेल, संस्थेची वर्गणी आणि बंदराचे शुल्क या चारही गोष्टी शब्दांनी लिहिलेल्या असल्याशिवाय मी दाखला दाखला मानत नाही.

नावावर करून न घेता नुसत्या मुद्रांक-कागदावरच्या करारावर नौका वापरायला देण्याची पद्धत पूर्वी सर्रास होती आणि अजून पूर्ण गेलेली नाही. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर हल्ला करणारे दहशतवादी पोरबंदरची ‘कुबेर’ ही मासेमारी नौका बळकावून आले होते. त्यानंतर नोंदणी, मच्छीमारांची ओळखपत्रे, राज्यनिहाय रंग आणि समुद्रातली तपासणी हे सगळे कडक झाले. आज आपल्या नावावर नोंदलेली नौका दुसऱ्याच्या ताब्यात असताना पकडली गेली, तर पहिला प्रश्न आपल्याला विचारला जाईल. त्यामुळे विकताना पैसे मिळाले म्हणजे व्यवहार संपला असे समजू नये. खरेदीदाराच्या नावावर नोंद चढल्याचे पाहीपर्यंत शेवटचा हप्ता आणि मूळ कागद यांची अदलाबदल पूर्ण करू नये.

परवान्याच्या प्रकाराने किंमत किती बदलते याचे टोकाचे उदाहरण पर्ससीनचे, म्हणजे माशांच्या थव्याला वेढणाऱ्या मोठ्या जाळ्याचे, आहे. फेब्रुवारी २०१६ च्या शासन आदेशाने पर्ससीनचे परवाने टप्प्याटप्प्याने १८२ पर्यंत खाली आणण्याचे ठरले आणि मासेमारीही सप्टेंबर ते डिसेंबर एवढ्याच काळापुरती राहिली. त्यामुळे दोन सारख्याच नौका शेजारी शेजारी नांगरलेल्या असतात आणि एकीची किंमत दुसरीच्या कितीतरी पट सांगितली जाते, कारण एकीकडे चालू परवाना आहे आणि दुसरीकडे केवळ जाळे. तसेच एखाद्या नौकेवर तिच्या आकाराला न शोभणारा भलामोठा जनरेटर दिसला तर तो कशासाठी बसवला होता हे विचारावे. एलईडी दिव्यांच्या प्रकाशात मासेमारी करण्यावर केंद्र सरकारने २०१७ मध्येच बंदी घातलेली आहे. विक्रेता त्या जनरेटरचे लाखभर रुपये किमतीत धरतो. मी त्याचे मोल भंगाराच्या काट्यावर करतो आणि त्या नौकेवर आधीची कारवाई किंवा दंड बाकी नाही ना, हे परवाना अधिकाऱ्याकडे विचारून घेतो.

एवढे झाल्यावर बॉडीकडे वळू. आपल्याला पाहायला सर्वांत चांगला काळ मे महिनाच आहे, कारण नौका वर काढलेली असते आणि तिचे पोट उघडे असते. पाण्यातली नौका घेणे म्हणजे झाकली मूठ घेण्यासारखे आहे. प्रथम नौकेच्या मागे वीस-पंचवीस पावले जाऊन उभे राहावे आणि काठाची रेषा नाळेपर्यंत डोळ्याने न्याहाळावी. ती रेषा मध्ये उंचावलेली आणि दोन्ही टोकांना खाली गेलेली दिसली, तर नौकेची पाठ मोडलेली आहे. पठाण, म्हणजे तळाचा मुख्य कणा, थकलेला आहे आणि ते दुखणे दुरुस्तीने जात नाही. अशा नौकेपाशी पुढे काहीही तपासण्याची गरज नाही, इंजिनाची किंमत सांगून निघून यावे.

पाठ सरळ असेल तर हातात लहान हातोडी आणि टोकदार पेचकस घ्यावा. लाकूड कोणत्या ठिकाणी कुजते याबद्दल लोकांचा नेहमी उलटा समज असतो. खारे पाणी लाकूड बऱ्यापैकी टिकवते, कुजवते ते पावसाचे गोडे पाणी. म्हणून तळाच्या फळ्यांपेक्षा डेकच्या कडा, केबिनच्या पायाशी असलेले सांधे, बर्फाच्या खणाभोवतीची लाकडे आणि आतल्या फासळ्यांची वरची टोके आधी पाहावीत. बर्फ वितळून झिरपणारे पाणीही गोडेच असते, हे विसरले जाते. तळाशी शत्रू वेगळा आहे : लाकूड पोखरणारा समुद्री किडा. तो बाहेरून टाचणीच्या डोक्याएवढे छिद्र पाडतो आणि आत बोट जाईल एवढा बोगदा करतो. पंख्याचा शाफ्ट जिथून बाहेर पडतो ती जागा, इंजिनाखालचे ओंडके आणि पठाणाची खालची कड इथे पेचकस जरा जोर देऊन टोचावा. मालकाला वाईट वाटते, परंतु जो मालक टोचू देत नाही त्याची नौका घ्यायची नसते.

आपल्या नौकेसारख्या, लाकडावर फायबर चढवलेल्या नौकेबद्दल मला जास्त लिहायला हवे, कारण माझे सर्वांत मोठे नुकसान तिथेच झालेले आहे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जुन्या लाकडी नौकांना बाहेरून फायबरचे अस्तर देण्याची पद्धत रूढ झाली. लाकूड सुके आणि निरोगी असताना, सांधे नीट भरून हे काम केले तर नौकेचे आयुष्य खरोखर वाढते. परंतु बरेचदा हे काम गळती थांबत नाही म्हणून, ओल्या लाकडावर आणि विक्रीच्या आधीच्या वर्षी केलेले असते. मग आतले लाकूड सुकायला वाट राहत नाही, ओल दोन थरांच्या मध्ये अडकते आणि बाहेरून नवीकोरी दिसणारी नौका आतून भुसभुशीत होत जाते. हातोडीच्या दांड्याने हातभर अंतरावर ठोकत जावे. घट्ट जागी आवाज टणक येतो, अस्तर सुटलेल्या जागी तो पोकळ, पिकलेल्या फणसासारखा येतो. पोकळ जागांना खडूने खुणा कराव्यात. अशा खुणा पाण्याच्या रेषेखाली एकमेकींना जाऊन भिडू लागल्या, तर अस्तर काढल्याशिवाय आत काय आहे ते कोणीही सांगू शकणार नाही. फायबर केव्हा चढवले, कोणत्या कारागिराने चढवले आणि त्या आधी नौका किती आठवडे सुकवली, हे तीन प्रश्न मालकाला स्वतंत्रपणे आणि तांडेलाला स्वतंत्रपणे विचारावेत. उत्तरे जुळली नाहीत तर ते आपल्याला पुरेसे उत्तर आहे.

संपूर्ण फायबरच्या नौकांचे दुखणे निराळे असते. पाण्याच्या रेषेखाली लहान लहान फोड येतात, ते फोडल्यावर आंबट वासाचे पाणी निघते. थोडे फोड असतील तर घासून, सुकवून, पुन्हा थर देता येतो. आउटबोर्ड इंजिन ज्या मागच्या फळीवर टांगतात ती फळी मात्र अवश्य पाहावी. तिच्या आत बहुधा प्लायवूड असते आणि बोल्टच्या भोकांतून पाणी शिरून ते कुजते. इंजिनाचा पाय, म्हणजे पाण्यात जाणारा खालचा भाग, धरून ते वर-खाली हलवावे. इंजिनाबरोबर फळीही हलली तर तेवढी फळी नव्याने करण्याचा खर्च किमतीतून वजा करावा.

इंजिनाबद्दल थोडक्यात लिहितो, कारण इथे आपण स्वतः काही ठरवू नये, माहीतगार मेकॅनिक सोबत न्यावा. आपल्या किनाऱ्यावरच्या मध्यम नौकांवर बहुधा ट्रकच्या इंजिनांची सागरी रूपे असतात, अशोक लेलँडची सहा सिलिंडर त्यांत फार. त्यांचे सुटे भाग आणि कारागीर सर्व बंदरांवर मिळतात, म्हणून त्यांना पुनर्विक्रीत गिऱ्हाईक पटकन मिळते. एखादे परदेशी बनावटीचे स्वस्त इंजिन कागदावर ताकदीने मोठे असले तरी त्याचा पंप मागवायला तीन आठवडे लागत असतील, तर तांडेल त्या नौकेला नाक मुरडतो. पाहायला जाण्याची वेळ आधी कळवू नये आणि गेल्यावर प्रथम इंजिनाला हात लावून पाहावा. ते कोमट असेल तर आपण येण्याआधी कोणीतरी ते चालवून ठेवले आहे, थंड असताना ते सुरू होत नाही असे समजावे. तेल दुधट असेल तर त्यात पाणी आहे. दहा मिनिटे चालवून दाखवलेले इंजिन काही सांगत नाही, ते भार देऊन तासभर चालले पाहिजे. नौका वर ओढलेली असेल तर हे शक्य नसते, आणि मे महिन्यातल्या खरेदीचा हाच मोठा तोटा आहे. त्यावर उपाय म्हणजे किमतीचा ठरावीक भाग नौका पाण्यात उतरून इंजिन चालल्यानंतर देण्याची अट विसारपावतीत घालणे. आणि इंजिनाचा क्रमांक नोंदणीशी जुळवून पाहावा. इंजिने बदलली जातात, नोंद मात्र जुनीच राहते.

सामान म्हणजे विंच (जाळे ओढण्याचे यंत्र), जाळी, दोर, जीपीएस, फिश फाइंडर, वायरलेस. यांची यादी करून दोघांच्या सह्या घ्याव्यात, एवढेच. मी यादी न केलेल्या एका व्यवहारात पाहणीच्या दिवशी असलेला नांगर ताब्याच्या दिवशी नव्हता, आणि त्या नांगराची किंमत काही कमी नव्हती.

हे सर्व पाहून झाल्यावर मी जी किंमत काढतो तिला आम्ही मोडीची किंमत म्हणतो. उद्या ही नौका कोणीच घेतली नाही आणि तोडावी लागली, तर इंजिन, गिअरबॉक्स, शाफ्ट, पितळी पंखा, विंच आणि यंत्रे सुटी विकून हातात काय येईल, तो आकडा. लाकडी बॉडीला मोडीत जवळजवळ काहीच येत नाही, फायबरच्या बॉडीला तर तोडण्याचाच खर्च येतो. मोडीची किंमत ही माझी जमीन आहे. मागितलेली किंमत तिच्या जितकी जवळ तितका मी निवांत, आणि जितकी वर तितके मला पुढचे गिऱ्हाईक पक्के हवे.

माझे दोन व्यवहार आकड्यांसह देतो. पहिला २८ फुटी, संपूर्ण फायबरच्या, आउटबोर्ड इंजिनाच्या होडीचा. मे महिन्यात २,६०,००० रुपयांना घेतली. फायबरची दुरुस्ती २८,०००, इंजिनाचे काम १९,०००, रंग १४,०००, टेम्पो आणि क्रेन ११,०००, जागा व शाकारणी ६,००० आणि कागदांचा खर्च ७,००० रुपये. पैशावरचे तीन महिन्यांचे व्याज वर्षाला बारा टक्क्यांनी ७,८०० रुपये. एकूण ३,५२,८०० रुपये पडले. ती ४,१०,००० रुपयांना गेली आणि ५७,२०० रुपये राहिले. खरेदीच्या वेळीच मला ठाऊक होते की दाभोळच्या खाडीत जाळी टाकणारे दोघे भाऊ अशीच होडी शोधत आहेत.

दुसरा व्यवहार ४२ फुटी ट्रॉलरचा, लाकडावर फायबर. ११ लाखांना घेतला, साडेचौदाला जाईल असा अंदाज आणि दुरुस्ती सव्वा लाखाची धरलेली. जुलैमध्ये अस्तराची एक पोकळ जागा कापून पाहिली तर आतल्या चार फासळ्या हाताने निघाल्या. दुरुस्ती ३ लाख ४० हजारांवर गेली, काम सप्टेंबरच्या शेवटी संपले आणि हंगामाचे गिऱ्हाईक निघून गेले होते. पुढच्या मार्चमध्ये ती १३ लाख ७५ हजारांना गेली. दहा महिन्यांचे व्याज १ लाख १० हजार, रखवालदाराचे ६० हजार, नौका वर-खाली काढणे आणि शाकारणे यांचे ४५ हजार रुपये धरले तर एकूण १६ लाख ५५ हजार पडले होते. म्हणजे २ लाख ८० हजारांचा तोटा. विक्रीची किंमत खरेदीपेक्षा पावणेतीन लाखांनी जास्त होती, त्यामुळे बंदरावर आजही काही लोक समजतात की त्या व्यवहारात मी कमावले.

मोठ्या नौकांमध्ये मी अलीकडे स्वतःचे पैसे अडकवण्याऐवजी विसार पद्धतीने काम करतो आणि नवख्या माणसाला तीच सुचवेन. विक्रेत्याशी किंमत ठरवून लहान विसार द्यायचा, पंचेचाळीस दिवसांची मुदत लिहून घ्यायची आणि त्या मुदतीत गिऱ्हाईक आणून विक्रेत्याकडून थेट त्याच्या नावावर हस्तांतरण करून द्यायचे. ठरलेल्या किमतीच्या वर जे मिळेल ते आपले. मात्र हे विक्रेत्याला आधीच सांगितलेले आणि पावतीत लिहिलेले असावे, कारण बंदर लहान असते आणि विक्रीची खरी किंमत संध्याकाळपर्यंत सर्वांना कळते. गिऱ्हाईक न मिळाल्यास विसारापुरतेच नुकसान होते. आपण मच्छीमार संस्थेचे क्रियाशील सभासद नसाल, तर डिझेलवरील मूल्यवर्धित कराच्या परताव्याचा लाभ आपल्याला मिळणार नाही. ज्याला मासेमारी करायची आहे अशा माणसाच्या नावावर नौका थेट जाणे त्यामुळेही सोयीचे ठरते.

पैशाच्या देवघेवीत एक गोष्ट पाळावीच लागते. प्राप्तिकर कायद्याप्रमाणे एका व्यवहारात २ लाख रुपये किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारता येत नाहीत आणि दंड स्वीकारणाऱ्याला, तेवढ्याच रकमेचा होतो. विक्री करताना तो स्वीकारणारा आपण असता. नियमित व्यापार करू लागलात तर वस्तू आणि सेवा कराच्या जुन्या मालासाठीच्या तरतुदीनुसार, काही अटींवर, कर केवळ खरेदी-विक्रीतल्या फरकावर लागतो. त्यासाठी पहिल्या व्यवहारापासून बिले आणि पावत्या ठेवाव्यात आणि कर सल्लागाराला दाखवाव्यात.

जुन्या मासेमारी नौका घेऊन त्या पर्यटनासाठी विकण्याची कल्पनाही पुष्कळ जण मांडतात, कारण तारकर्ली, मालवण, मुरुड, दापोली या भागांत मागणी दिसते. यात एक अडचण आहे. प्रवासी नौकेची नोंदणी आणि पाहणी महाराष्ट्र सागरी मंडळाकडे होते, आसनक्षमता, स्थिरता, जीवरक्षक जॅकेट या सर्वांची तपासणी होते आणि मासेमारीची नोंदणी तिथे चालत नाही. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात ‘नीलकमल’ या प्रवासी नौकेला झालेल्या अपघातानंतर तर कोणी जाणकार खरेदीदार या कागदांशिवाय बोलणीच करत नाही. ज्या नौकेची मूळ बांधणीच मासे ठेवण्याच्या खणांसाठी झालेली आहे तिला प्रवासी नौका बनवण्यापेक्षा आधीच प्रवासी नोंदणी असलेली लहान फायबर होडी शोधणे स्वस्त पडते.

आता आपली नौका. ३८ फुटी, लाकडावर फायबर, साडेसहा लाख. आपल्याजवळ ८ लाख आहेत, म्हणजे खरेदीनंतर दीड लाख उरतील. त्यात पावसाळ्याची शाकारणी, रखवाली, रंग, कागद आणि पाण्यात उतरवण्याचा खर्च कसाबसा बसेल, एकही फासळी निकामी निघाली तर बसणार नाही. पुण्यात राहून जुलैच्या पावसात ताडपत्री फाटली की नाही हे आपल्याला कळणारही नाही, आणि फाटलेल्या ताडपत्रीतून आठ दिवस डेकवर साचलेले गोडे पाणी काय करते ते वर लिहिले आहे. त्यामुळे साडेसहा लाख रोखीने मोजून ती नौका मे महिन्यात आपल्या नावावर करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

व्यवहार सोडवतच नसेल तर असे करावे. येत्या उधाणाच्या आधी, नौका कोरड्या वाळूत असताना, मेकॅनिक आणि लाकडी नौकांचा एक जुना सुतार घेऊन जावे. सुताराला दिवसाची मजुरी द्यावी, कमिशन देऊ नये. खडूच्या खुणा मोजाव्यात आणि पोकळ जागांपैकी सर्वांत वाईट अशी वीतभर जागा कापून पाहू देण्याची परवानगी मागावी, ती पुन्हा भरून देण्याचा खर्च आपण करावा. लाकूड कोरडे निघाले तर मोडीची किंमत काढून त्यावर फार तर लाखभर वर जावे, आणि २५ हजारांचा विसार देऊन १५ ऑगस्टपर्यंतची मुदत घ्यावी. नौका तोपर्यंत मूळ मालकाच्या ताब्यात, त्याच्याच शाकारणीखाली राहील आणि त्यासाठी त्याला दोन महिन्यांचे वेगळे पैसे देण्याची तयारी ठेवावी. तो परवानगी देत नसेल, किंवा कापलेल्या जागेतून ओला भुसा निघाला, तर सुताराची मजुरी आणि एसटीचे भाडे एवढ्यावर आपण सुटलात, आणि उरलेले पूर्ण ८ लाख घेऊन २५-२८ फुटी फायबरची होडी शोधायला मे महिन्याचे दोन आठवडे तरी आपल्या हाती शिल्लक असतील.